घरावर सोलर लावताय? सबसिडीच्या आधी ३१ मार्चचा हिशोब समजून घ्या

डिसेंबर २०२५ च्या ५ तारखेला आमच्या शेंद्र्याच्या ऑरिक सिटीत मोठा मांडव पडला होता. महावितरणने एका महिन्यात ४५,९११ सौर कृषिपंप बसवले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली, त्याचा तो कार्यक्रम. मुख्यमंत्री आले होते. जालना रोडवर गाड्यांची रांग होती आणि दिवसभर सगळ्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर सोलर पॅनलचे फोटो होते.

त्याच आठवड्यात कुंभेफळच्या माझ्या मामांचा फोन आला. त्यांनी एका एजंटचं कोटेशन मला पाठवलं होतं. ३ किलोवॅटची सिस्टीम, किंमत २ लाख रुपये, सबसिडी ७८ हजार, आणि खाली मोठ्या अक्षरात: 'वीज बिल आयुष्यभर शून्य!'

मामा म्हणाले, "अरे, तू मोबाईल-बिबाईलचं लिहितो ना? मग हे खरं का खोटं ते सांग."

मी म्हणालो, "मामा, सबसिडी खरी आहे. आयुष्यभर शून्य मात्र खरं नाही. मला तुमची वर्षभराची बिलं पाठवा."

पुढचे दोन दिवस मी ती बिलं आणि सरकारी नियम शेजारी ठेवून बसलो. त्यातून जे कळलं ते या लेखात सांगतो. मित्रांनो, सोलरची जाहिरात सगळी सबसिडीवर चालते, पण तुमचे पैसे वाचणार की नाही हे सबसिडी ठरवत नाही. ते ठरवतो नेट मीटरिंगचा नियम. सबसिडी एकदाच मिळते, नेट मीटरिंगशी आपली गाठ पुढची वीस-पंचवीस वर्षं असते.

आधी सबसिडी: कोणाला किती?

केंद्राची योजना आहे 'पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना'. ती १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली. एकूण तरतूद ७५,०२१ कोटी रुपये, लक्ष्य १ कोटी घरं, आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत. मार्च २०२५ मध्ये देशात १० लाख घरांचा टप्पा पार झाला. गुजरात पहिला आणि आपला महाराष्ट्र दुसरा.

सबसिडीचा हिशोब सोपा आहे:

- १ किलोवॅट: ३०,००० रुपये
- २ किलोवॅट: ६०,००० रुपये
- ३ किलोवॅट किंवा जास्त: ७८,००० रुपये, त्याच्या वर काही नाही

म्हणजे पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार, तिसऱ्याला फक्त १८ हजार आणि चौथ्यापासून शून्य. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सोसायट्यांना लिफ्ट, पाण्याची मोटार, गाडी चार्जिंग अशा सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात. सरकारी बँका ३ किलोवॅटपर्यंत तारण न घेता, ६-७ टक्क्यांच्या आसपास व्याजाने कर्ज देतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कोटेशन त्याआधीचं असेल तर नवीन मागा.

आपल्या राज्याची वेगळी योजना पण आहे. नाव 'स्मार्ट', म्हणजे स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना. ती दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असणारी घरं यांच्यासाठी आहे, एकूण ५ लाख ग्राहक. इथे १ किलोवॅटची किंमत ५० हजार धरली आहे. केंद्राचे ३० हजार वजा झाल्यावर राज्य वरून भर घालतं, आणि मग ग्राहकाला भरावे लागतात:

- दारिद्र्यरेषेखालील कुटुंब: २,५०० रुपये
- १०० युनिटच्या आतले अनुसूचित जाती-जमातीचे ग्राहक: ५,००० रुपये
- १०० युनिटच्या आतले बाकीचे ग्राहक: १०,००० रुपये

तुमच्या घरी दर महिन्याला ७०-८० युनिटच येत असतील, तर कुठल्याही एजंटशी बोलायच्या आधी या योजनेची चौकशी करा.

नेट मीटरिंग म्हणजे नेमकं काय?

मोबाईलचा डेटा रोलओव्हर आठवतोय? या महिन्याचा उरलेला डेटा पुढच्या महिन्यात जमा. नेट मीटरिंग साधारण तसंच आहे.

तुमच्या छतावर दुपारी १२ वाजता भरपूर वीज तयार होते, पण घरात त्या वेळी फक्त फ्रिज आणि एखादा पंखा चालू असतो. उरलेली वीज तारेतून बाहेर जाते आणि शेजारच्या घरात वापरली जाते. रात्री सूर्य नसतो, तेव्हा तुम्ही महावितरणची वीज घेता. नेट मीटर दोन्ही बाजू मोजतो. बिलात त्याला इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट म्हणतात. महिनाअखेरीला इम्पोर्टमधून एक्स्पोर्ट वजा होतो आणि उरलेल्या युनिटांचंच बिल येतं. एक्स्पोर्ट जास्त असेल तर जादा युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात.

म्हणजे महागडी बॅटरी न घेता तुम्ही ग्रीडलाच बॅटरीसारखं वापरताय. दुपारी दिलेलं युनिट रात्री जसंच्या तसं परत. खरी कमाई इथे आहे.

महाराष्ट्रात हे महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या रूफटॉप नियमांनी चालतं. आणि त्यातली एक ओळ जाहिरातीत कधीच दिसत नाही: साठलेली युनिटं ३१ मार्चला संपतात. आर्थिक वर्ष संपलं की शिल्लक युनिटांचे पैसे तुम्हाला मिळतात, पण आयोगाने ठरवलेल्या दराने. तो दर तुम्ही वीज घेता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. १ एप्रिलला खातं पुन्हा शून्यावर.

मराठवाड्यात राहणाऱ्याला हे लगेच टोचेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन स्वच्छ असतं, पॅनल छान चालतात, आणि घरात पंखासुद्धा बंद. युनिटं साठत जातात. मग एप्रिल येतो, पारा ४० च्या पुढे, कूलर-एसी दिवसरात्र चालू. आणि थंडीत साठवलेली युनिटं बरोबर त्याच्या आदल्या दिवशी स्वस्तात निघून गेलेली असतात!

मामांच्या बिलाचा हिशोब

आता प्रत्यक्ष आकडे बघू. मामांच्या घरात चार माणसं, दोन कूलर, एक फ्रिज, बोअरची छोटी मोटार. वापर असा:

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी: महिन्याला सुमारे १२० युनिट
- मार्च: २०० युनिट
- एप्रिल ते जून: महिन्याला २८० युनिट
- जुलै ते ऑक्टोबर: महिन्याला १६० युनिट

वर्षाचे झाले २,१६० युनिट. आपल्याकडे १ किलोवॅट पॅनल महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट देतं. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात कमी. मी १०५ च्या आसपास धरले.

म्हणजे २ किलोवॅट वर्षाला साधारण २,५०० युनिट देईल आणि ३ किलोवॅट साधारण ३,७५०. मामांची गरज २,१६० ची. एजंटने ३ किलोवॅट का सुचवलं? कारण त्यात पूर्ण ७८ हजार सबसिडी दिसते आणि विक्री मोठी होते. मामांच्या वापराशी त्या आकड्याचा काही संबंध नव्हता.

मी दुसऱ्या ठिकाणाहून २ किलोवॅटचं कोटेशन मागवलं, ते आलं १ लाख ३५ हजारांचं. मग तुलना अशी झाली:

- २ किलोवॅट: १,३५,००० वजा ६०,००० = खिशातून ७५,०००
- ३ किलोवॅट: २,००,००० वजा ७८,००० = खिशातून १,२२,०००

वीज दर टप्प्याटप्प्याने असतो हे तुम्हाला माहीतच आहे. महावितरणचं घरगुती युनिट पहिल्या १०० पर्यंत वहन आकार धरून ६ रुपयांच्या आसपास पडतं, आणि १०१ ते ३०० च्या टप्प्यात ११ रुपयांच्या आसपास. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. या हिशोबाने मामांचं युनिटांचं बिल वर्षाला साधारण २० हजार येतं.

२ किलोवॅट लावलं तर एप्रिल ते सप्टेंबर मिळून फक्त १५०-१६० युनिटं विकत घ्यावी लागतात, आणि ती पण खालच्या, स्वस्त टप्प्यातली. वर्षाला १९ हजारांच्या आसपास वाचतात. ७५ हजार रुपये साधारण चार वर्षांत वसूल. पॅनलची वॉरंटी बहुतेक २५ वर्षांची असते. सौदा चांगला आहे, यात शंका नाही.

आता तिसरा किलोवॅट बघा. त्याचे जास्तीचे ४७ हजार. तो वर्षाला आणखी १,२५० युनिट देईल, पण त्यातली जेमतेम १६० मामांच्या उपयोगाची. बाकी ३१ मार्चला जाणार. त्याचे युनिटला ३ रुपये धरले तरी सगळे मिळून साडेचार हजारांच्या आत. म्हणजे तिसरा किलोवॅट वसूल व्हायला दहा-अकरा वर्षं!

कारण सोपं आहे. पहिला किलोवॅट तुमची ११ रुपयांची युनिटं कापतो. दुसरा ६ रुपयांची कापतो. तिसरा काही कापतच नाही, नुसता विकतो. सरकारची सबसिडी पण तिसऱ्यावर कमी होते, हा योगायोग नाही.

अर्थात मामांच्या मुलाने उद्या इलेक्ट्रिक स्कूटर घेतली किंवा घरात एसी आला तर गणित बदलेल. म्हणून इन्व्हर्टर घेताना विचारा: पुढे पॅनल वाढवता येतील का?

मग 'शून्य बिल' कधी येतं?

पूर्ण शून्य येत नाही. तुमचा वापर सोलरने शंभर टक्के भागला तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. सिंगल फेज घराला तो महिन्याला शंभर-दीडशे रुपयांच्या घरात असतो. योजनेच्या नावात 'मुफ्त बिजली' आहे, म्हणजे युनिट मुफ्त. कनेक्शन मुफ्त नाही.

आणि एक गैरसमज काढून टाका: लाइट गेली की तुमचं सोलर पण बंद पडतं. साधी ऑन-ग्रिड सिस्टीम ग्रीडचा करंट नसेल तर मुद्दाम बंद होते. कारण तुमच्या छतावरून तारेत वीज गेली तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाईल. भर दुपारी ऊन असताना लाइट गेली, तर घरात सोलर असूनही पंखा बंद. लाइट गेल्यावर पण वीज हवी असेल तर बॅटरीवाली हायब्रिड सिस्टीम लागते, तिचा खर्च वेगळा. आमच्याकडे पावसाळ्यात वारं सुटलं की लाइट जाते, त्यामुळे लोक सोलर लावल्यावर हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतात. तो आधी विचारायचा असतो.

नियम बदलला तर?

इथे खरी गोम आहे. नेट मीटरिंग हा निसर्गाचा नियम नाही. आयोगाने ठरवलेला नियम आहे, आणि तो बदलू शकतो.

बदलायचं कारण काय? दुपारी वीज जास्त होऊ लागली आहे. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला ३ मेगावॅटचा सौर प्रकल्प झाला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला तो राज्यातला पहिला. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी वाशीममधून अशा पाच प्रकल्पांचं, एकूण १९ मेगावॅटचं, लोकार्पण केलं. या योजनेचं एकूण लक्ष्य १६,००० मेगावॅट आहे. हेतू चांगला आहे: शेतकऱ्याला रात्री विंचू-सापात पाणी द्यायला जावं लागू नये, दिवसा वीज मिळावी.

पण ही सगळी वीज दुपारीच तयार होते. त्यात लाखो छतांची वीजही दुपारीच येते. संध्याकाळी ७ वाजता मात्र सगळ्यांना वीज हवी असते आणि सूर्य मावळलेला असतो. मग वीज कंपनी म्हणते: तुम्ही मला स्वस्त वेळची वीज देता आणि महाग वेळची परत घेता, हे मला परवडत नाही. तिच्या जागी उभं राहून बघितलं तर हा मुद्दा अगदीच खोटा नाही.

आणि आपल्याकडे हा वाद सुरू झाला आहे. २८ मार्च २०२५ ला आयोगाने पाच वर्षांच्या दरांचा आदेश दिला. महावितरणने हरकत घेतली, तर २ एप्रिलला त्याला स्थगिती. २५ जूनला बदललेला आदेश आला, १ जुलैपासून नवे दर. त्यावरून उद्योग आणि सौर क्षेत्रातले लोक उच्च न्यायालयात गेले. तीन महिन्यांत एवढ्या घडामोडी!

या सगळ्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे 'सौर तास': सकाळी ९ ते संध्याकाळी ५. कारखान्यांसाठी या वेळेत वीज स्वस्त, आणि संध्याकाळी ५ ते मध्यरात्री महाग. त्यांनी सौर तासांत तयार केलेली वीज सौर तासांतल्या वापरातूनच वजा होते. शेंद्रा एमआयडीसीत तिन्ही पाळ्या चालवणाऱ्या कारखान्याला हे किती लागतं, विचार करा. पत्र्याच्या शेडवर दिवसभर तयार केलेली वीज दुसऱ्या-तिसऱ्या पाळीच्या कामी येत नाही. खुल्या बाजारातून हरित वीज घ्यायची मर्यादा केंद्राने २०२२ मध्ये १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, म्हणून मध्यम कारखान्यांनाही एक दार उघडलं. पण एका बाजूने प्रोत्साहन आणि दुसऱ्या बाजूने दराचे बदल, असा खेळ चालू आहे.

घरगुती ग्राहकांना हाच वेळेचा कप्पा लावावा अशी मागणी झाली होती, पण आयोगाने घरांना त्यातून बाहेर ठेवलं. दुपारचं युनिट रात्री वजा होतं, आजही. उद्या?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे घरोघरी सोलर झालं आणि एप्रिल २०२३ पासून नवीन ग्राहकांना बाहेर दिलेल्या विजेचा मोबदला सुमारे ७५ टक्क्यांनी कमी केला. नवीन अर्ज घसरले, सोलर बसवणाऱ्या कंपन्यांनी माणसं कमी केली. पण एक गोष्ट त्यांनी नीट केली: आधी जोडलेल्या ग्राहकांना २० वर्षं जुनाच नियम ठेवला. नियम बदलायचा तर असा बदला, की ज्याने विश्वास ठेवून कर्ज काढलं तो फसणार नाही.

माझं सरकारकडे आणि आयोगाकडे हेच म्हणणं आहे. ७८ हजार रुपयांचा बोर्ड लावण्यापेक्षा 'ज्या नियमावर तुम्ही सोलर लावलं तो नियम इतकी वर्षं बदलणार नाही' असं लिहून द्या. कर्ज काढणाऱ्या माणसाला सबसिडीपेक्षा या शब्दाची गरज जास्त आहे.

पंपाची गोष्ट वेगळी. ज्या ४५,९११ पंपांचा विक्रम झाला ते ऑफ-ग्रिड आहेत. शेतकरी १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ५ टक्के, आणि पंप थेट उन्हावर चालतो. त्याचा तारेशी संबंधच नाही, म्हणून उद्या नेट मीटरिंगचा नियम बदलला तरी त्याला फरक पडत नाही. घराचं सोलर मात्र ग्रीडच्या भरवशावर उभं आहे.

खोलीवर राहणाऱ्यांचं काय?

शेंद्र्यात, करमाडला, कुंभेफळला खोली करून राहणारी हजारो पोरं आहेत. आयटीआय झालेली, कंपनीत ट्रेनी, दोघं-तिघं मिळून एक खोली. मीटर मालकाच्या नावावर. आत छोटा सबमीटर आणि मालक ठरवेल तो युनिटचा भाव.

मालकाने छतावर सोलर लावलं तर सबसिडी मालकाला, नेट मीटरिंगचा फायदा मालकाला. खोलीतल्या पोरांचा भाव तोच. सगळ्या योजना एकाच माणसाला समोर ठेवून बनवल्या आहेत: ज्याचं स्वतःचं छत आहे, स्वतःच्या नावावर मीटर आहे आणि सबसिडी येईपर्यंत पैसे गुंतवायची ताकद आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कितीजण त्यात बसतात?

यावर उपाय नाही असं नाही. दिल्लीत २०१९ पासून 'व्हर्च्युअल नेट मीटरिंग'चे नियम आहेत. म्हणजे पॅनल एका जागी, आणि त्याची युनिटं वेगवेगळ्या ग्राहकांच्या बिलात वजा. छत नसलेला माणूसही दूरच्या प्रकल्पात वाटा घेऊ शकतो. औद्योगिक गावांमध्ये, जिथे निम्मं गाव भाड्याने राहतं, तिथे अशी सोय प्रत्यक्षात सहज मिळायला हवी.

तोपर्यंत ज्यांच्या नावावर मीटर आहे पण सोलर नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट आहे. नवीन टीओडी मीटर बसलं असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर घरगुती ग्राहकाला युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली आहे. दुसऱ्या पाळीला जाणारा माणूस दुपारपर्यंत घरीच असतो. वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटार, गाडीचं चार्जिंग तेव्हा उरकता येतं. तिसऱ्या पाळीहून येऊन दिवसा कूलर लावून झोपणाऱ्याला तर ही सवलत झोपेतच मिळते! किती वापरलं ते महावितरणच्या ॲपवर बघता येतं.

लावायचंच ठरवलं तर एवढं करा

१. बारा महिन्यांची बिलं काढा. महावितरणच्या ॲपवर आणि वेबसाइटवर मिळतात. वर्षाची एकूण युनिटं भागिले १,२५० करा. जेवढा आकडा येईल साधारण तेवढे किलोवॅट पुरे. मामांचं उत्तर आलं पावणेदोन.

२. जागा बघा. १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. पाण्याची टाकी आणि शेजारची इमारत यांची सावली सकाळी-दुपारी कुठे पडते ते मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

३. अर्ज पीएम सूर्य घरच्या सरकारी पोर्टलवरच करा. नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी तिथेच आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर ओटीपी देऊ नका. सबसिडी एजंटकडे जात नाही, काम पूर्ण झाल्यावर तुमच्या बँक खात्यात येते.

४. कोटेशनवर 'डीसीआर' पॅनल लिहून घ्या. म्हणजे भारतात बनवलेले सेल आणि पॅनल. ते नसतील तर सबसिडी नाही. काही जण स्वस्त पॅनल दाखवतात आणि हा शब्द गाळतात.

५. महावितरणकडून अडवणूक झाली तर नियम माहीत ठेवा. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची गरज नाही, मंजूर भार वाढवायचा असेल तर ते काम वीज कंपनीचं. ५ किलोवॅटपर्यंतच्या सोलरसाठी लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर मजबूत करावा लागला, तर तो खर्चही कंपनीचा.

६. धूळ. जालना रोडच्या कडेला आणि एमआयडीसीच्या वाऱ्याला राहत असाल तर पॅनल पंधरा दिवसांत मळतात. पहाटे, पॅनल थंड असताना ओल्या फडक्याने पुसा. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नका.

७. पहिलं बिल आलं की इम्पोर्ट आणि एक्स्पोर्टचे आकडे मीटरवरच्या आकड्यांशी ताडून बघा. आणि मार्चचं बिल नीट वाचा. शिल्लक युनिटांचे पैसे जमा झाले का, किती दराने, ते तिथेच दिसतं.

थोडक्यात

सोलर लावणं आज बहुतेक घरांना परवडतं, अट एकच: आपल्या वापराएवढं लावा. सबसिडीचा आकडा मोठा दिसावा म्हणून सिस्टीम मोठी करू नका. दिवसाची कामं दिवसा करायची सवय लावा, कारण नियम उद्या कुठल्याही दिशेला वळला तरी उन्हात वापरलेलं युनिट तुमचंच राहतं. ते ना ३१ मार्चला संपतं, ना कुठल्या आदेशात अडकतं.

मामांनी शेवटी २ किलोवॅटचा अर्ज भरला. मामींनी पाण्याची मोटार संध्याकाळऐवजी सकाळी ११ ला लावायला सुरुवात पण केली, पॅनल यायच्या आधीच. एजंटचा पुन्हा फोन आला, "तीन लावा, शून्य बिल येईल." मामा म्हणाले, "३१ मार्चनंतर माझी युनिटं कुठं जातात ते आधी सांगा." तिकडून फोन कट झाला.